विनामूल्य ज्ञानाचा जमाखर्च

१/
४ जुलै १९७१, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट हा चोवीस वर्षांचा तरुण आतषबाजी पाहून परतताना वाटेतल्या किराणा दुकानात शिरला. दुकानदाराने सणानिमित्त सामानाच्या पिशवीत एक भेट घातली होती : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची छापील प्रत. हार्टने तो जाहीरनामा विद्यापीठाच्या संगणकात टंकित केला. घरबसल्या, पैसे न देता शिकण्याची जी साधने आज हाताशी आहेत, त्यांचा इतिहास बहुधा या प्रसंगापासून सांगितला जातो.

२/
या इतिहासात शोधांची आणि शोधकांची नावे पुष्कळ येतात. त्यांच्यामागे मात्र एक साधा हिशेबी प्रश्न उभा असतो. वाचकाने पैसे दिले नाहीत, तर ते कोणी दिले? कागद, यंत्र, वीज, श्रम, वेळ आणि हक्क यांपैकी काहीच आपोआप मिळत नाही. जमेच्या बाजूला ‘विनामूल्य’ असे लिहिलेले दिसले की खर्चाच्या बाजूला कोणाचे तरी नाव असतेच. पुढील धागा त्या दुसऱ्या बाजूचा आहे. मराठीतून शिकणाऱ्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचे उत्तरही त्याच बाजूला सापडते.

३/
हार्टला ज्या यंत्रावर काम करण्याची मुभा मिळाली होती, तो झेरॉक्स कंपनीचा ‘सिग्मा’ जातीचा अवाढव्य संगणक होता. तो चालवणारे लोक ओळखीचे असल्यामुळे हार्टच्या वाट्याला हा वेळ आला. त्या यंत्रावर लहान लिपीतील रोमन अक्षरेही नव्हती, म्हणून सारा मजकूर मोठ्या अक्षरांत टंकावा लागला. जाळ्यावरील सुमारे शंभर जणांना मजकूर कोठे ठेवला आहे ते कळवण्यात आले. हार्टच्या सांगण्याप्रमाणे सहा जणांनी तो उतरवून घेतला. संगणकाचे मोल गणितापेक्षा ग्रंथ साठवण्यात आणि वाटण्यात अधिक ठरेल, असे त्याला वाटले. या उपक्रमाचे नाव पुढे ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ झाले.

४/
आरंभीची गती पाहिली की या कामाचे स्वरूप लक्षात येते. १९७१ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षांत, या संग्रहात केवळ दहा ग्रंथ जमा झाले. दहावा होता इंग्रजी बायबल. मजकूर हाताने टंकायचा, पुन्हा वाचायचा, चुका काढायच्या, असा हा क्रम होता. पगार नव्हता, संस्था नव्हती. हजारावा ग्रंथ १९९७ मध्ये आला आणि दहा हजारावा २००३ मध्ये. पहिल्या दहांना अठरा वर्षे लागली, शेवटच्या नऊ हजारांना सहा. हा वेग यंत्रांमुळे आला, तसाच माणसांमुळेही आला.

५/
पुस्तकाचे पान स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे ओळखून घेता येतात. तथापि यंत्र चुका करते आणि त्या शोधायला माणूसच लागतो. २००० साली चार्ल्स फ्रँक्स याने ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ हा उपक्रम सुरू केला. त्याची कल्पना सोपी होती. संपूर्ण पुस्तक एकाच्या माथी मारण्याऐवजी एकेक पान वेगवेगळ्या स्वयंसेवकांना द्यावे. एका बाजूला मूळ पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. दिवसाला एक पान तपासणारी हजारो माणसे मिळाली आणि मुद्रितशोधनाचा डोंगर फोडला गेला. आज गटेनबर्गच्या संग्रहात सत्तर हजारांहून अधिक ग्रंथ आहेत.

६/
दुसरी अडचण कायद्याची होती. ग्रंथ विनामूल्य वाटण्यासाठी त्याचा कॉपीराइट संपलेला असावा लागतो. १९९८ मध्ये अमेरिकेने ही मुदत वीस वर्षांनी वाढवली. त्यामुळे १९२३ साली प्रसिद्ध झालेली पुस्तके १९९९ च्या आरंभी सर्वांची व्हायची होती, ती २०१९ पर्यंत अडकली. जुनी पुस्तके जाळ्यावर विनामूल्य ठेवणाऱ्या एरिक एल्ड्रेड याने या कायद्याला आव्हान दिले. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्याची बाजू मांडली. १५ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एल्ड्रेडच्या विरोधात निकाल दिला.

७/
भारतातही असाच एक प्रसंग घडला होता. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याचे ग्रंथ सर्वांचे होत. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले असल्याने विश्वभारतीकडे असलेले हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होते. मुदत संपण्याच्या तोंडावरच सरकारने हस्तक्षेप केला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ वर्षे झाली. निमित्त एका बंगाली महाकवीचे होते, परंतु दुरुस्ती भारतातील सर्व भाषांना लागू झाली.

८/
मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा. साने गुरुजींचे निधन १९५० चे. जुन्या नियमाने त्यांचे साहित्य २००१ मध्ये मुक्त झाले असते, ते १ जानेवारी २०११ रोजी झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यांचे ग्रंथ २०१७ मध्ये मुक्त झाले. वि. स. खांडेकरांसाठी २०३७ साल उजाडावे लागेल, पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६१. लेखकाच्या वारसांचे हित आणि वाचकाची गरज यांमधील रेषा कोठे ओढायची, हा वाद जुना आहे. ती रेषा दहा वर्षांनी सरकली की एका पिढीच्या विद्यार्थ्यांचा संपूर्ण अभ्यासकाळ निघून जातो.

९/
ग्रंथांनंतर क्रम आला ज्ञानकोशाचा. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी ‘न्यूपीडिया’ हा विनामूल्य इंग्रजी ज्ञानकोश काढला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि त्यांनी तपासणीच्या सात पायऱ्या ओलांडायच्या, अशी त्याची शिस्त होती. पहिल्या वर्षात जेमतेम वीसएक लेख त्या पायऱ्या चढू शकले. १५ जानेवारी २००१ रोजी जोडकाम म्हणून ‘विकिपीडिया’ सुरू झाला. तेथे कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे, अशी मुभा होती. जोडकामाने मूळ कामाला केव्हाच मागे टाकले.

१०/
विकिपीडियाचा खर्च कोणी करायचा, यावर आरंभीच एक बंड झाले. २००२ च्या आरंभी भविष्यात जाहिराती येऊ शकतील, असा सूर निघताच स्पॅनिश भाषेतील अनेक संपादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र कोश थाटला. आपण विनामोबदला लिहिलेल्या मजकुरावर दुसऱ्याने पैसे मिळवावेत, हे त्यांना मान्य नव्हते. त्यानंतर विकिपीडियाने व्यापारी पत्ता सोडला, २००३ मध्ये ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले आणि देणग्यांवर कारभार चालू लागला. वाचकाला जाहिरात दिसत नाही, यामागे त्या संपादकांच्या रागाचाही वाटा आहे.

११/
ग्रंथ आणि कोश मिळाले तरी शिक्षक कोठून आणायचा? या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीने दिले. इंटरनेटवरून शिक्षण विकून नफा कमवण्याचे वारे वाहत होते, तो हा काळ. संस्थेने नेमलेल्या समितीपुढे विषय होता तोच. हिशेब मांडल्यावर नफ्याची आशा फोल दिसली, तेव्हा समितीने उलट सल्ला दिला : अभ्याससाहित्य देऊनच टाकावे. ४ एप्रिल २००१ रोजी अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी ‘ओपनकोर्सवेअर’ची घोषणा केली.

१२/
देऊन टाकणेही स्वस्त नव्हते. आरंभीच्या टप्प्यासाठी मेलन आणि ह्यूलेट या दोन प्रतिष्ठानांनी मिळून एक कोटी दहा लाख डॉलर दिले. टिपणांतील परकी चित्रे, आलेख, उतारे यांची परवानगी मिळवावी लागे, न मिळाल्यास ती काढावी लागत. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रम आले आणि पाच वर्षांत त्यांची संख्या अठराशेवर गेली. त्याच सुमारास लेसिग यांच्या पुढाकाराने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने तयार झाले. न्यायालयातील लढा चालू असतानाच लेखकाने स्वेच्छेने हक्क सैल करण्याची वाट त्यांनी आखली.

१३/
भारताला दूरशिक्षण नवे नव्हते. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरी करणाऱ्या, शाळा सुटलेल्या, गावाबाहेर न पडू शकणाऱ्या हजारो मराठी विद्यार्थ्यांना पदवीचा मार्ग याच संस्थेने दाखवला. मात्र दूरदर्शनवरील पाठाची वेळ ठरलेली असे. ती चुकली की पाठ गेला. थांबवणे, मागे नेणे, पुन्हा पाहणे विद्यार्थ्याच्या हाती नव्हते.

१४/
ती सोय करून दिली ‘एनपीटीईएल’ने. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या पैशातून हा प्रकल्प उभारला. पवईची आयआयटीही त्यांत होती. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या पाच शाखांची व्याख्याने मुद्रित करून खुली करण्यात आली. अभियांत्रिकी महाविद्यालये झपाट्याने वाढत होती आणि अनुभवी अध्यापक त्या मानाने थोडे होते. ज्या महाविद्यालयात विषय शिकवायला कोणी नाही, तेथील विद्यार्थ्याला आयआयटीच्या वर्गात मागच्या बाकावर जागा मिळाली. तिचे भाडे भारतीय करदात्याने भरले.

१५/
संस्थांच्या बाहेरही काही घडत होते. २००४ मध्ये बोस्टनला गुंतवणूक संस्थेत काम करणारा सलमान खान हा तरुण न्यू ऑर्लीन्समधील आपल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला दूरध्वनीवरून गणित शिकवू लागला. इतर भावंडेही आली, तेव्हा २००६ पासून त्याने पाठ मुद्रित करून यूट्यूबवर ठेवले. भावंडांनी सांगितले की प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा चित्रफीत बरी, कारण पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटत नाही. २००९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि काही महिने बचतीवर काढले. देणग्या त्यानंतर आल्या.

१६/
२०११ च्या शरदात स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. सुमारे एक लाख साठ हजार जणांनी नावे नोंदवली. या वर्गात व्याख्यानांबरोबर ठरलेल्या तारखा, गृहपाठ आणि परीक्षाही होत्या. पुढच्याच वर्षी ‘युडॅसिटी’, ‘कोर्सेरा’ आणि ‘एडएक्स’ या तीन संस्था जन्मल्या. विद्यापीठे आता ओस पडणार, अशी भाकिते होऊ लागली. आकड्यांनी मात्र वेगळी गोष्ट सांगितली.

१७/
‘एडएक्स’च्या पहिल्या अभ्यासक्रमाचा विषय विद्युतमंडले हा होता आणि तो शिकवणाऱ्यांत मंगळूरचे अनंत अगरवाल प्रमुख होते. नोंदणी झाली सुमारे एक लाख पंचावन्न हजारांची, उत्तीर्ण झाले ७,१५७. शेकडा पाचही नाहीत. याच ७,१५७ मध्ये मंगोलियातील एक पंधरा वर्षांचा मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवून गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दार उघडल्यामुळे एरवी कधीच न पोहोचणारा मुलगा आत आला. तरीही उघड्या दारातून आलेले बहुतेक जण ओसरीवरूनच परतले. सोबत, शंका विचारायला जागा आणि हाक मारणारे माणूस यांची उणीव चित्रफितीने भरून निघाली नाही.

१८/
खर्चाची बाजूही कालांतराने पुढे आली. व्याख्यान पाहणे विनामूल्य आणि प्रमाणपत्राला शुल्क, अशी घडी बसत गेली. कोर्सेराचे समभाग २०२१ मध्ये बाजारात आले. विद्यापीठांनी उभारलेले ‘एडएक्स’ही त्याच वर्षी ऐंशी कोटी डॉलरना एका कंपनीला विकले गेले. भारतात एनपीटीईएलने मधला मार्ग धरला. अभ्यासक्रम विनामूल्य राहिला, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये शुल्क आकारले जाऊ लागले. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावरही हीच रीत चालू राहिली. ज्ञान खुले झाले, त्याला मिळणारी मान्यता मात्र मोजून घ्यावी लागली.

१९/
आतापर्यंतची बहुतेक साधने इंग्रजीत होती. मराठीतून शिकू पाहणाऱ्यापुढे त्याआधीचीच एक अडचण होती : अक्षरांची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, तेव्हा प्रत्येक मराठी फॉन्टची सांकेतिक रचना वेगळी असे. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे. मजकूर पडद्यावर दिसला, तरी शोधयंत्राला तो मराठी म्हणून कळत नसे. त्या वर्षांत संगणकावर लिहिली गेलेली कितीतरी पाने आज असूनही नसल्यासारखी आहेत.

२०/
या कोंडीतून सुटका केली युनिकोडने. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता, तरी घरगुती संगणकांवर ती सहज दिसू लागायला ‘विंडोज २०००’ आणि त्यानंतरची वर्षे उजाडली. मराठीचे काही प्रश्न हिंदीहून निराळे होते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र साध्या रफारापासून वेगळा दाखवायचा, तर त्यासाठी स्वतंत्र संकेतक्रम लागतो. तो ठरला आणि फॉन्टांनी तो नीट दाखवला, तेव्हाच शुद्ध मराठी पान शक्य झाले. हे काम समित्यांतील बैठकांत झाले आणि त्याचे श्रेय क्वचितच कोणी कोणाला दिले.

२१/
मराठीतील जुने कोश जाळ्यावर आणण्याचे एक मोठे काम सातासमुद्रांपलीकडे झाले. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. ती आवृत्ती, यशवंत रामकृष्ण दाते व सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सारे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. त्या प्रकल्पाला अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा निधी होता. बखर वाचताना अडलेला शब्द शोधणाऱ्या मराठी मुलाचे हे शुल्क अमेरिकी करदात्याने भरले आहे.

२२/
त्याही आधीचा एक जमाखर्च विसरता येत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत ज्ञानकोश काढायचे ठरवले, तेव्हा सरकारी आश्रय नव्हता. त्यांनी मर्यादित कंपनी काढून भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले. १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पुरे झाले. केतकरांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने जाळ्यावर आणलेला तो ज्ञानकोश एका क्षणात, पैशाविना उघडतो.

२३/
स्वातंत्र्यानंतर हे ओझे राज्याने उचलले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि पुढे वीस खंड पूर्ण झाले. ते सर्व आज जाळ्यावर खुले आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक जुनी प्रकाशने, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघालेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही विनामूल्य उतरवता येतात. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान जनतेकडे परत आल्याची ही मराठीतील ठळक उदाहरणे होत.

२४/
१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. ‘वसंत पंचमी’ आणि ‘औदुंबर’ ही कविता, हे त्याचे आरंभीचे विषय. आज त्यावर नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख होते. तमिळ मातृभाषकांची संख्या ६ कोटी ९० लाख आणि तमिळ लेख दीड लाखांहून अधिक. युरोपातील कॅटलान भाषा बोलणारे सुमारे एक कोटी आणि त्यांचे लेख सात लाखांहून अधिक. लेखांची संख्या बोलणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही, लिहिणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते.

२५/
भाषेची अडचण नेमकी ओळखणारा एक प्रकल्प मुंबईतच घडला. आयआयटी मुंबईतील कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ सुरू झाले. विनामूल्य संगणकप्रणाली शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर जशीच्या तशी इंग्रजी प्रणाली आणि आवाज मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत, अशी त्यांची रचना आहे. नोकरीत प्रणाली इंग्रजीच असणार, म्हणून पडदा बदलला नाही. समजण्याचे माध्यम तेवढे बदलले. शिक्षकाविना, एकट्याने, जुन्या संगणकावर शिकणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हे पाठ बेतलेले आहेत.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत मोठे दान मिळाले ते स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांचे. राज रेड्डी यांच्या पुढाकाराने कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी दहा लाख पुस्तकांचा संकल्प केला. त्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव भटकून जमवलेल्या कागदांतून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड निघाले. एके काळी ते पाहायला पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांची पायरी चढावी लागे. आज तालुक्याच्या गावातील मुलगी पानिपतापूर्वीची पत्रे भ्रमणध्वनीवर वाचू शकते.

२७/
परंतु हे दान चिरस्थायी नाही. डिजिटल लायब्ररीचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. त्यातील लाखो पुस्तके आज ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आढळतात, तीही अनेकदा चुकीच्या रोमन स्पेलिंगखाली नोंदलेली. आर्काइव्हवर चार बड्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा लावला. कॉपीराइट असलेली पुस्तके स्कॅन करून उसनी देण्याचा तो वाद होता. २०२३ आणि २०२४ चे निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेले आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांपासून दूर झाली. दुसऱ्याच्या दारात ठेवलेले कपाट कधी बंद होईल, ते आपल्या हाती नसते.

२८/
मराठी इतिहासाचे एक दार तर अजून किलकिलेच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि मोडी सफाईने वाचणारे थोडे आहेत. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले. विनामूल्य फॉन्ट तयार झाले, शिकवणाऱ्या चित्रफिती आल्या. आता मोडी शिकायला शुल्क लागत नाही, सराव लागतो. रोज अर्धा तास याप्रमाणे काही महिने बसण्याचा खर्च मात्र शिकणाऱ्यालाच करावा लागतो आणि त्याला कोणतेही प्रतिष्ठान अनुदान देत नाही.

२९/
या हिशेबात मराठी वाचकाच्या खर्चाचीही एक ओळ आहे. ‘मराठी विकिस्रोत’ या विनामूल्य ग्रंथसंग्रहात जुनी पुस्तके पानापानाने टंकित होतात. न तपासलेले पान तांबडे दिसते, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पडताळले की हिरवे. त्यासाठी पदवी लागत नाही. अक्षर ओळखता यावे, ऱ्हस्व-दीर्घाची चाड असावी आणि दहा मिनिटे असावीत. केतकरांनी भाग विकले, राजवाड्यांनी पायपीट केली, हार्टने अठरा वर्षांत दहा पुस्तके भरली. त्यांच्या मानाने एका पानाचा खर्च अल्प आहे. ते पान हिरवे झाले की पुढच्या वाचकाला ते विनामूल्य मिळते.